दुपारी गेम बंद पडते, रात्री अख्खा पीसीच रिस्टार्ट होते

पत्र:

ताई नमस्कार. मी नागपुरात मानेवाड्याला राहतो, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या वर्षी आईनं भिशीचे पैसे दिले, त्यात माझे थोडे टाकून पीसी असेंबल केला. आय-थ्री 10100 एफ प्रोसेसर, जीटीएक्स 1650 ग्राफिक्स कार्ड, 8 जीबीची एकच रॅम, 600 व्हीएचा यूपीएस. रेड डेड रिडेम्प्शन 2 खेळतो. हिवाळ्यात एकदम मस्त चालायचा, पण एप्रिलपासून दुपारी वीस-पंचवीस मिनिटं झाले की अटकून अटकून चालते अन् मग ईआरआर जीएफएक्स स्टेट असा एरर देऊन डेस्कटॉपवर फेकते. रात्री तसं होत नाही, पण रात्री तीन-चारदा अख्खा पीसीच एकदम रिस्टार्ट झाला. गेम तीनदा रिइन्स्टॉल केला, एका साइटवरून डीएलएल फाइल आणून टाकली, व्हिडिओ पाहून व्हर्च्युअल मेमरी बंद केली, विंडोज टाकायचंच राहिलं. मित्र म्हणते कार्ड गेलं, दुकानवाला म्हणते मदरबोर्ड असू शकते, ठेवून जा. बाबा रोज म्हणून राहिले, एवढे पैसे घालून डबा आणला. आईला काय सांगू? आणि हो, जानेवारीत मित्रानं आफ्टरबर्नर नावाच्या सॉफ्टवेअरनं कार्डाची स्पीड थोडी वाढवून दिली होती, त्यानं तर काही होत नसेल न?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर:

राजा, तू जे सगळ्यात शेवटी, निघता निघता लिहिलं न, जानेवारीत मित्रानं कार्ड वाढवून दिलं म्हणून, तुझ्या दुपारच्या दुखण्याचं अर्धं उत्तर मला तिथंच दिसून राहिलं. त्याच्यावर येतेच मी. पण त्याच्या आधी एक गोष्ट सांगते, नाहीतर तू उद्या अजून चार गोष्टी बदलून बसशील अन् मग कशानं काय झालं हे तुलाही कळणार नाही अन् मलाही नाही.

तुझ्या पीसीला एक नाही, दोन आजार आहेत. दुपारचा वेगळा, रात्रीचा वेगळा. अन् तू दोघांवर एकच औषध मारून राहिला, रिइन्स्टॉल.

मी बर्डीला एका दुकानात रिपेअरिंगच्या टेबलवर अकरा वर्षं काढले. गिऱ्हाईक यायचं, म्हणायचं ताई गेम बंद पडते, अन् माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असायचा, बंद काय पडलं? कारण गेम गायब होऊन डेस्कटॉप दिसला तर ती एक गोष्ट, मग तिथं सेटिंग, ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, मेमरी किंवा कार्डाची वाढवलेली स्पीड हे पाहायचं. स्क्रीन काळी झाली पण हेडफोनमधून आवाज येऊनच राहिला, अन् पाच-दहा सेकंदानं स्क्रीन परत आली, तर ती दुसरी गोष्ट, तिथं कार्ड नाहीतर कार्डाचा ड्रायव्हर. अन् पंखे, लाइट, सगळंच एका झटक्यात गेलं अन् पीसी आपला आपणच परत चालू झाला तर ती तिसरी गोष्ट, तिथं गेमचा काही संबंध नसते जवळपास, तिथं वीज पाहायची. तुझं दुपारचं पहिल्या प्रकारात बसते, रात्रीचं तिसऱ्यात.

मी हे एवढं जोर देऊन काहून सांगून राहिले तर माझ्या घरचंच उदाहरण आहे. मी शाळेत होते तेव्हा आमच्याकडचा पीसी असाच मधातच बंद पडायचा, बाबांनी एका दुकानात नेला, त्यांनी मदरबोर्ड बदलला, आठ दिवसांनी परत तेच, मग एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, बदलला, परत तेच. दोन महिन्यांनी कळलं की भिंतीतल्या सॉकेटमध्ये पिन ढिली बसायची अन् दार जोरात लागलं की हलायची. बाबांचे त्या महिन्याचे बरेच पैसे गेले होते त्यात, अन् ते कोणाला काही बोलले नाहीत, नुसते सॉकेटकडं पाहत राहिले. मला ते अजून आठवते. म्हणून सांगते, कार्ड अन् मदरबोर्ड हे शब्द आत्ता डोक्यातून काढून टाक. पीसी कुठंही ठेवून यायचा नाही अजून.

विंडोज स्वतः एक डायरी लिहून ठेवते, ती पाहून घे आधी. स्टार्टमध्ये रिलायबिलिटी एवढं टाइप कर, व्ह्यू रिलायबिलिटी हिस्ट्री म्हणून येते, ते उघड. तारखेनुसार लाल फुल्या दिसतील. दुपारच्या फुल्यांवर क्लिक केलं की तिथं गेमचं नाव दिसेल, रात्रीच्या फुल्यांवर विंडोज नीट बंद झालं नव्हतं असं लिहिलेलं दिसेल. अजून खोलात जायचं असेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टिमच्या लॉगमध्ये कर्नल-पॉवर 41 शोध, अन् त्याच्या डिटेल्समध्ये बगचेक कोड 0 असेल तर निळी स्क्रीन वगैरे काही आली नव्हती, वीजच तुटली असण्याची शक्यता जास्त. हे दोन्ही पाहायला दहा मिनिटं लागतात अन् एक रुपया लागत नाही.

आता दुपारचं.

आफ्टरबर्नरमधून कार्ड वाढवते म्हणजे काय तर कंपनीनं जी स्पीड ठरवून दिली त्याच्यावर आपण अजून शंभर-दीडशे मेगाहर्ट्झ चढवतो. कंपनी जी ठरवते त्यात थोडी जागा सोडलेली असते, उन्हाळ्यासाठी, धुळीसाठी, चिपवर लावतात त्या जुन्या पडलेल्या पेस्टसाठी. ओव्हरक्लॉक म्हणजे ती सोडलेली जागा खाऊन टाकणं. जानेवारीत नागपुरात खोलीचं टेम्परेचर असते वीसच्या आसपास, तेव्हा ती जागा खाल्ली तरी चालून जाते. आता बाहेर 45, तुझी खोली वरच्या मजल्यावर असेल अन् डोक्यावर स्लॅब असेल तर आत दुपारी 38 सहज. खोली 18 डिग्रीनं गरम झाली की कार्डही जवळपास तेवढंच गरम होते, म्हणजे जे जानेवारीत 68 ला राहायचं ते आता 86 ला चाललं. चिप गरम झाली की तिच्या आतलं काम मंद पडते, अन् जी स्पीड थंडीत तिला झेपत होती ती आता झेपत नाही, एखादा हिशोब चुकते, अन् गेम म्हणते माझ्याकडून ग्राफिक्स सांभाळणं होत नाही. तेच तुझं जीएफएक्स स्टेट. म्हणजे मित्रानं जानेवारीत केलं ते जानेवारीपुरतं बरोबरच होतं, त्याच्यावर चिडू नको, पण मे अखेरच्या नवतप्यात ते चालणार नाही.

म्हणून पहिलं काम हे. आफ्टरबर्नर उघड, रिसेटचं बटण दाब, अन् तिथं विंडोजचं छोटं चिन्ह असते, चालू होतानाच ओव्हरक्लॉक लावायचं, ते चालू असेल तर बंद कर, नाहीतर पीसी रिस्टार्ट झाला की ते गुपचूप परत लागते. बस. दुसरं काही करू नको त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच वेळेला, त्याच सेव्हवरून, त्याच जागी खेळ अन् किती मिनिटांनी काय होते ते वहीत लिहून ठेव. हो, वहीतच. एका दिवशी एकच गोष्ट बदलायची, हा नियम पाळला तर आठ दिवसांत तुझं निदान होते, नाही पाळला तर पावसाळा येऊन जाईल.

अन् आफ्टरबर्नर काढून टाकू नको, त्याचा एक चांगला उपयोग आहे. त्याच्यासोबत रिव्हाट्यूनर येते, त्यानं स्क्रीनच्या कोपऱ्यात चालत्या गेममध्ये आकडे दिसतात. कार्डाचं टेम्परेचर, प्रोसेसरचं टेम्परेचर, प्रोसेसरची स्पीड, रॅम किती भरली, एवढे चार-पाच आकडे लावून घे. तुझ्या 10100 एफची वरची हद्द 100 डिग्री आहे, तिथं पोहोचला की तो स्वतःला वाचवायला स्पीड पाडते, 4.3 गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा प्रोसेसर एकदम खाली येते, अन् तेच तुझं अटकून अटकून चालणं. जीटीएक्स 1650 साठी एनव्हिडियानं वरची हद्द 92 दिली आहे. म्हणजे अटकायच्या क्षणी कोणता आकडा वर गेला ते पाहून तुला कळेल की आधी कोण दमलं, प्रोसेसर की कार्ड. मला पत्र लिहिशील तेव्हा हे दोन आकडे नक्की लिहिजो, त्याच्याशिवाय माझं उत्तर अंदाजावरच राहते.

हा गेम सुरू होते तोच बर्फाच्या डोंगरात, 1899 सालच्या वादळात, गुडघाभर बर्फात घोडे चालून राहिले, अन् इकडं कार्डाला घाम फुटलेला. स्क्रीनवर काय दिसते त्याच्याशी कार्डाचं काही घेणंदेणं नसते, बर्फ काढायलाही मेहनत लागते, उलट धुकं अन् उडणारा बर्फ काढायला जास्तच. म्हणून थोडं ओझं आपण कमी करून द्यायचं. या गेमसाठी कंपनीनं चांगलं चालायला म्हणून जी यादी दिली त्यात जीटीएक्स 1060, 6 जीबीवाला अन् 12 जीबी रॅम आहे, तुझं कार्ड त्याच्या थोडं खाली अन् कार्डाची स्वतःची मेमरी 4 जीबी, तर सगळंच हायवर ठेवायचा हट्ट नको करू. टेक्श्चर चांगलं राहू दे कारण ते उतरवलं तर चेहरे-कपडे सगळे चिखलासारखे दिसतात, पण कडा गुळगुळीत करणारं एमएसएए पूर्ण बंद, वॉटर फिजिक्स खाली, व्हॉल्युमेट्रिक अन् रिफ्लेक्शन मीडियम नाहीतर लो. ग्राफिक्सच्या पानावर व्हिडिओ मेमरी किती भरली ते दाखवते, ती काठोकाठ भरू देऊ नको. आणि एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमधून मॅक्स फ्रेम रेटला मर्यादा लावून टाक, तुझ्या कार्डाला सेकंदाला 40 फ्रेम पुष्कळ झालं. मर्यादा नसली तर कार्ड मेन्यूच्या स्क्रीनवरसुद्धा जीव तोडून पळत राहते, अन् तू तिकडं जेवायला गेलेला असते.

आता डब्यातला डबा. तू लिहिलं नाही पण मला खात्री वाटते की कॅबिनेट टेबलाच्या खालच्या कप्प्यात आहे, धूळ लागू नये म्हणून. मानेवाडा, नंदनवन, हुडकेश्वर, जिथं जिथं मी पीसी पाहायला गेले तिथं दहातले सहा असेच कप्प्यात कोंबलेले. मागून निघालेली गरम हवा कप्प्यातच फिरते अन् पुढून परत आत ओढल्या जाते. आधी बाहेर काढ, भिंतीपासून वीतभर दूर, एका बाजूचं पॅनल उघडं ठेवून एक दुपार खेळ. पंचवीस मिनिटांचे पन्नास झाले किंवा बंदच पडला नाही तर गरमीचा प्रश्न होता हे सिद्ध झालं, अजून काही शोधायची गरज नाही.

पॅनल उघडलंच आहे तर आत पाहून घे. वायर काढ, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून ठेव म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते, लोखंडाला हात लाव, अन् मोबाइलनं आधी एक फोटो काढून ठेव, कोणती वायर कुठं होती ते. प्रोसेसरवरचा पंखा वरून स्वच्छ दिसेल, त्यानं फसू नको. पंख्याच्या पात्यांमधून टॉर्च मारून खाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आहेत तिथं पाहा. धूळ वर नाही बसत, पंखा अन् पट्ट्यांच्या मधात बसते, अन् एका उन्हाळ्यात तिचा करड्या रंगाचा, फेल्टच्या कापडासारखा थर होते, चिमटीत धरून ओढला तर अख्खा गोल पापडासारखा निघते. मी असे कितीतरी काढले. एकदा एका मुलाचा पीसी होता, त्याच्यातून तो थर काढला तेव्हा त्यात कूलरच्या गवताच्या काड्या होत्या, लहान लहान, सोनेरी. म्हणजे कूलर थेट कॅबिनेटवर फेकत होता. ब्रश अन् ब्लोअरनं साफ कर, पण ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेव, मोकळी सोडली तर ती वेड्यासारखी फिरतात अन् बेअरिंगही खराब होते. घरातला व्हॅक्युम क्लीनर आत घालू नको, स्टॅटिक विजेची भीती असते.

अन् एक गोष्ट इथं थांबून नीट पाहा, इंटेलच्या डब्यात येणारा जो पंखा आहे न त्याला चार कोपऱ्यांत चार काळ्या पिना असतात, त्या मदरबोर्डमध्ये टक करून बसतात. त्यातली एक जरी अर्धवट निघाली तर पंखा दिसायला जागेवरच असते, फिरतेही नीट, पण खालचा धातू प्रोसेसरवर एका बाजूनं उचलल्या जाते, केसाएवढा. तेवढ्या फटीनं टेम्परेचर पंधरा-वीस डिग्री वर जाते. चारही पिना बोटानं हलवून पाहा, एखादी हलली तर समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोडीनं दाब, टक असा आवाज आला पाहिजे. मात्र दाबताना पंखा उचलल्या गेला, पेस्ट सुटली असं वाटलं तर मग तसाच परत नको ठेवू, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून नवीन वाटाण्याएवढी लावून मगच बसव. कार्ड मात्र स्वतः खोलू नको, वरून साफ केलं की पुरे.

कूलरचं म्हणशील तर कूलर लावूनच खेळ, अंगाला अन् पीसीला दोघांनाही बरं. नागपूरच्या कोरड्या हवेत कूलर खोली चांगलीच उतरवते, फक्त हवा बाहेर निघायला समोरची खिडकी नाहीतर दार उघडं पाहिजे, नाहीतर दमट हवा आतच साचते अन् कूलरचा उपयोग संपते. अन् तोंड कॅबिनेटकडं नको. पाण्याचे बारीक तुषार असतात त्यात, आपलं बोअरचं पाणी खारं, ते वाळलं की जाळीवर पांढरा थर चढते. तुझ्या कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर असे पांढरे ठिपके असतील तर समजून जा.

आता तू जे उपाय केले ते उलटे करून घेऊ, त्यातले दोन मला खरंच काळजीचे वाटतात. एक ती डीएलएल. कोणत्याही साइटवरून एकटी डीएलएल उचलून आणायची नसते राजा, ती कुठली, कोणी बदललेली, आत काय भरलेलं, काही सांगता येत नाही. जिथं टाकली तिथून काढ, अन् विंडोज सिक्युरिटीमधून पूर्ण स्कॅन लाव, ऑफलाइन स्कॅनही लाव. तुला जी फाइल नाही म्हणून एरर आला असेल ती बहुतेक मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी प्लस प्लस रिडिस्ट्रिब्युटेबलमधली असेल, ते मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून फुकट मिळते, 32 अन् 64 बिट दोन्ही टाकून घे. गेम जिथून उतरवतो त्या स्टीमवर व्हेरिफाय, म्हणजे फाइलींची तपासणी, केल्यानं गेमच्या फोल्डरमध्ये आपण बाहेरून टाकलेली जास्तीची फाइल निघून जात नाही, म्हणून ती हातानंच काढावी लागेल.

दुसरं व्हर्च्युअल मेमरी. ज्यानं कोणी व्हिडिओत ती बंद करायला सांगितली त्याच्याकडं 32 जीबी रॅम असेल, तुझ्याकडं 8 आहे, अन् 8 हे या गेमचं कमीत कमी आहे. क्रोम अन् डिस्कॉर्ड मागं उघडं ठेवलं की गेमला उरलं किती? विंडोजला जागा कमी पडली की ती ड्राइव्हवर थोडी जागा वापरते, तू तीच बंद करून टाकली, म्हणजे आता भरलं की सरळ बंद पडायचं. ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंगमध्ये परफॉर्मन्स, त्यात ॲडव्हान्स्ड, त्यात व्हर्च्युअल मेमरी, तिथं ऑटोमॅटिकच्या चौकटीत टिक परत लाव अन् रिस्टार्ट कर. हे मी ओव्हरक्लॉक काढल्यानंतर लगेचचं, दुसऱ्या दिवसाचं काम म्हणेन.

तीनदा रिइन्स्टॉल करून काहून फरक पडला नाही तेही सांगते. 150 जीबी तीनदा उतरवले तू, घरचं इंटरनेट किती दिवस अडकून राहिलं असेल. पण या गेमच्या सेटिंग अन् ग्राफिक्सच्या कॅशे फाइली गेमच्या फोल्डरमध्ये नसतातच, त्या डॉक्युमेंट्समध्ये रॉकस्टार गेम्स, त्यात रेड डेड रिडेम्प्शन 2, त्यात सेटिंग्जमध्ये बसलेल्या असतात, अन् गेम काढला तरी त्या तिथंच राहतात. म्हणजे तू तीनही वेळा घर नवीन बांधलं अन् सामान तेच जुनं आणून ठेवलं. त्या फोल्डरमध्ये एसजीए या अक्षरांनी सुरू होणाऱ्या फाइली आहेत, तेवढ्या डिलीट कर. बाजूला प्रोफाइल्सचं फोल्डर आहे, त्यात तुझे सेव्ह आहेत, त्याला हात लावू नको, उलट ते आधी पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेव. डिलीट केल्यावर पहिल्यांदा गेम उघडायला वेळ लावेल, त्या फाइली परत बनवते म्हणून, घाबरू नको. तरीही तोच एरर आला तर ग्राफिक्सच्या ॲडव्हान्स्ड पानावर व्हल्कन अन् डायरेक्टएक्स 12 असे दोन पर्याय आहेत, जे असेल त्याच्या उलट करून पाहा. अन् यापुढं फाइली खराब वाटल्या तर रिइन्स्टॉल नाही, स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, व्हेरिफाय. जेवढं खराब तेवढंच उतरवते.

ड्रायव्हर शेवटी. डीडीयू म्हणून एक साधन आहे, सेफ मोडमध्ये जाऊन त्यानं जुना ड्रायव्हर पूर्ण पुसून नवा टाकायचा, तेवढ्या वेळ इंटरनेट काढून ठेवायचं म्हणजे विंडोज मधातच आपलं काही टाकणार नाही. पण हे आधीच्या सगळ्यानं फरक नाही पडला तरच.

विंडोज टाकायचं राहिलं म्हणतोस ते बरंच झालं, अन् विषय निघालाच आहे तर पुढं कधी टाकशील तेव्हासाठी एक सांगून ठेवते. युजरचं नाव मराठीत लिहू नको. मला आपल्या भाषेचा अभिमान आहे, मी सगळं मराठीतच लिहिते, पण विंडोज त्या नावानंच फोल्डर बनवते अन् काही गेम्सना देवनागरीतला रस्ता वाचता येत नाही, मग सेव्हच होत नाही किंवा उघडतच नाही. नंतर नाव बदललं तरी फोल्डरचं नाव तेच राहते, नवीन अकाउंटच काढावं लागते.

आता रात्रीचं, ज्याची मला जास्त काळजी आहे, कारण वीज तुटून बंद पडणारा पीसी ड्राइव्हही खराब करून ठेवते.

तुझं सामान वीज फार खात नाही. प्रोसेसर 65 वॅट, कार्ड 75, बाकीचं अन् मॉनिटर धरून दोनशेच्या आसपास. 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॅट देते, म्हणजे कागदावर भरपूर झालं. मग रात्री काय होते? रात्री घराघरात कूलर, फ्रिज, एसी एकदम चालू असतात, लाइनचं व्होल्टेज पडते, यूपीएसला वाटते लाइट गेली, तो बॅटरीवर जायला पाहते, अन् बॅटरी मेलेली असते. तेवढ्या क्षणात सगळं संपते. यूपीएसमधली 12 व्होल्टची छोटी बॅटरी दोन-तीन वर्षांची असते, अन् आपल्या उन्हाळ्यात, बंद कप्प्यात, त्याहून लवकर जाते. तू एक वर्ष झालं म्हणतोस, पण दुकानात पडून राहिलेली बॅटरी तुला मिळाली असेल तर तिचं वय त्याहून जास्त आहे.

तपासायचं असं, सगळं सेव्ह कर, गेम बंद, नुसता डेस्कटॉप उघडा ठेव, अन् भिंतीवरचं यूपीएसचं बटण बंद कर. पीसी दोन-चार मिनिटं तरी चालला पाहिजे. लगेच गेला तर बॅटरी बदलायची, यूपीएस नवीन घ्यायची गरज नाही. चालला तर मग रिस्टार्ट झाला त्या क्षणी घरात काय चालू झालं ते वहीत लिहायला लाग, कूलरचा पंप, फ्रिज, खालची पाण्याची मोटर. मोटर चालू होताना एक क्षण खूप वीज ओढते. तुझा कूलर अन् यूपीएस एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर असतील तर आजच वेगळे कर, यूपीएस सरळ भिंतीच्या सॉकेटमध्ये, ढिलं असेल तर ते सॉकेट बदलून घे. माझ्या बाबांचं लक्षात ठेव.

अन् कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्यांसारखं चुणचुणते का? चुणचुणत असेल तर खेळणं थांबव अन् इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घे, ते पीसीसाठी नाही, तुझ्यासाठी.

आईला सांग की मशीन चांगली आहे, तिचे पैसे वाया गेलेले नाहीत, फक्त उन्हाळ्याचं थोडं करावं लागते, जसं कूलरचं गवत दरवर्षी बदलतो तसं. बाबांना सोबत घेऊन कप्प्यातून कॅबिनेट बाहेर काढ, त्यांनाच टॉर्च धरायला लाव, एकदा आतली धूळ त्यांनी डोळ्यांनी पाहिली की डबा म्हणणार नाहीत. अन् पुढंमागं पैसे जमले अन् खर्च करायचाच झाला तर कार्ड नाही, 8 जीबीची अजून एक रॅम घे, दोन कांड्या झाल्या की गेम चांगलाच सुरळीत चालते. 2666 स्पीडवाली घेजो, तुझा प्रोसेसर त्याच्या वरची स्पीड चालवत नाही, दुकानदार 3600 ची महागडी दाखवेल ती नको. अन् जुन्या कांडीचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जाजो.

पण ते नंतर. आधी बॅटरी. बॅटरीवर काय लिहिलं आहे, 12 व्होल्ट 7 एएच असं काहीतरी असेल, तेच पाहून तेवढ्याचीच मागजो, बनवल्याची तारीख पाहून घेजो, अन् जुनी कचऱ्यात नको टाकू, दुकानात परत दे, शिशाचे थोडे पैसे कापून देतात.